काळा ढग, उजळ आभाळ

रात्रीच्या ढगाचा रंग कोणता? मुंबई-पुण्याच्या माणसाला विचारलं तर तो तांबूस, पिवळट, फार तर दुधी म्हणेल, आणि त्याचं चुकत नाही. शहरावरच्या ढगाला खालून लाखो दिव्यांचा उजेड मिळतो. तो आभाळापेक्षा उजळ दिसतो. हाच ढग वस्तीपासून पुष्कळ दूर, अमावास्येच्या रात्री पाहिला तर काळाकुट्ट दिसतो. किंबहुना दिसतच नाही. ओळखीचे तारे एकेक करून गायब व्हायला लागले की कळतं, ढग आला.

अमेरिकेतले हौशी आकाशनिरीक्षक जॉन बॉर्टल यांनी 2001 साली 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात आभाळाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी मांडली. नववी पायरी म्हणजे महानगराचा मध्य आणि पहिली म्हणजे पृथ्वीवर मिळू शकणारं सर्वांत अंधारं आभाळ. ढग काळे दिसू लागणं ही या पट्टीवरची एक मोठी खूण आहे. त्या खुणेत एक गंमत दडली आहे. ढगाला उजेड द्यायला खाली काहीच नाही, म्हणून तो काळा. पण तो काळा म्हणून ओळखू येतो, कारण त्याच्यामागचं आभाळ उजळ असतं. खऱ्या काळोखातलं आभाळ काळं नसतं. त्याला स्वतःचा उजेड असतो. हा उजेड शंभर किलोमीटरपासून ते पंचवीस लाखांहून अधिक प्रकाशवर्षांपर्यंतच्या अंतरांवरून आलेला असतो, आणि तो पाहायला दुर्बीण लागत नाही.

लागतो तो फक्त वेळ. उजेडातून अंधारात गेल्यावर बाहुली काही सेकंदांत रुंदावते, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. डोळ्याच्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. सुमारे साठ लाख शंकुपेशी रंग आणि बारकावे टिपतात, मात्र त्यांना भरपूर उजेड हवा. बारा कोटींच्या आसपास दंडपेशी मंद उजेडासाठी असतात. त्यांच्यातलं रोडॉप्सिन हे द्रव्य प्रकाश पडला की मोडतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा जुळतं. ते घडवायला 'अ' जीवनसत्त्व लागतं. त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो तो याचमुळे. ही जुळणी पुरी व्हायला अर्धा तास, कधी चाळीस मिनिटं लागतात. मध्येच कुणी मोबाइल उघडला की घड्याळ पुन्हा शून्यावर. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ कळत नाही, म्हणून आकाशदर्शनाला जाणारी मंडळी टॉर्चवर लाल कागद बांधतात.

पूर्ण सरावलेला डोळा काय करू शकतो हे 1942 साली कोलंबिया विद्यापीठातल्या हेक्ट, श्लेर आणि पिरेन या तिघांनी मोजून दाखवलं. पाच ते चौदा प्रकाशकण पडद्यावर शोषले गेले की माणसाला उजेडाची लुकलुक जाणवते. एकेका दंडपेशीला तर एकच प्रकाशकण पुरतो. इतकं संवेदनशील उपकरण आपण आयुष्यभर बाळगतो आणि ट्यूबलाइटखाली त्याचा अंशही वापरत नाही.

या उपकरणाच्या दोन खोड्या ठाऊक असाव्यात. पडद्याच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात, त्यामुळे अतिशय मंद गोष्टीकडे थेट रोखून पाहिलं की ती नाहीशी होते. नजर जराशी बाजूला वळवली की ती पुन्हा हजर. सरावलेले निरीक्षक असं तिरकं पाहूनच मंद तारे टिपतात. दुसरी खोडी रंगाची. दंडपेशींना रंग कळत नाहीत. ज्येष्ठासारखा ठळक तारा तांबूस दिसतो, कारण त्याचा प्रकाश शंकुपेशींना पुरतो; पण आकाशगंगा करडी-पांढरी दिसते. छायाचित्रांतली जांभळी-गुलाबी आकाशगंगा कॅमेऱ्याने बराच वेळ साठवलेल्या उजेडाची असते. त्या रंगांची अपेक्षा घेऊन गेलेला माणूस पहिली दहा मिनिटं हिरमुसतो. नंतर मात्र त्याच्या लक्षात येतं, की एवढा विस्तार आणि एवढा बारीक पोत कुठल्याच छायाचित्रात मावलेला नव्हता.

डोळे सरावले, की उजेडाचा माग जवळून दूर असा काढता येतो.

पहिला उजेड आपल्या हवेचाच आहे. जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर हवा अतिविरळ असते. दिवसा सूर्याचे अतिनील किरण तिथल्या ऑक्सिजनच्या रेणूंची फोड करतात. रात्री सुटे अणू पुन्हा जोडले जातात आणि त्या देवाणघेवाणीत मिळालेली ऊर्जा हिरवट प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. याला वायुदीप्ती म्हणतात. ध्रुवप्रदेशातल्या अरोराशी तिचं नातं आहे, पण अरोरा सौर वादळांवर अवलंबून असते. वायुदीप्ती रोज रात्री, सगळ्या पृथ्वीवर चालू असते. अंतराळस्थानकातून काढलेल्या छायाचित्रांत पृथ्वीच्या कडेला जी हिरवी कड दिसते ती हीच. जमिनीवरून आपल्याला ती क्षितिजाच्या थोडं वर फिकट पट्ट्यासारखी जाणवते, कारण तिरकं पाहताना त्या थराचा जास्त भाग नजरेच्या वाटेत येतो. तारे नसते तरी आभाळ मिट्ट काळं झालं नसतं, ते हिच्यामुळे.

दुसरा उजेड सूर्यमालेतल्या धुळीचा. धूमकेतू आपल्यामागे धूळ सोडत जातात, लघुग्रह एकमेकांवर आदळून चुरा होतात. हा चुरा ग्रह ज्या पातळीत फिरतात त्याच पातळीत पसरलेला आहे. त्यावर पडलेलं सूर्याचं ऊन विखुरतं आणि राशिचक्राच्या पट्ट्यात एक फिकट शंकू उभा राहतो. त्याचं नाव राशिप्रकाश. फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये, संधिप्रकाश पूर्ण ओसरल्यावर, तो पश्चिम क्षितिजावरून वर चढलेला दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहाटेपूर्वी पूर्वेला. या दिवसांत राशिचक्र क्षितिजावर जवळपास उभं असतं, म्हणून.

पहाटेच्या या शंकूने माणसांना शेकडो वर्षं चकवलं आहे. इस्लामी परंपरेत पहाटेची नमाज आणि रोज्याची सुरुवात यांसाठी खोटी पहाट आणि खरी पहाट असा भेद मुद्दाम केलेला आहे. खोटी उभी चढते, खरी क्षितिजावर आडवी पसरते. वर्णन इतकं नेमकं आहे, की कुठल्याही खगोलशास्त्राच्या पुस्तकात ते जसंच्या तसं खपावं. 'क्वीन' या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने पीएच.डी.साठी हाच विषय घेतला होता. या धुळीच्या हालचालीवरचा त्याचा प्रबंध 1970च्या दशकात सुरू झाला, मध्ये रॉक संगीत आलं आणि 2007 साली तो पुरा झाला. चांदण्या रात्री आभाळ उजळ दिसण्याचं श्रेय आपण ताऱ्यांना देतो. पण आकाशगंगेच्या पट्ट्यापासून बाजूला पाहिलं, तर अंधाऱ्या आभाळाच्या उजेडात ताऱ्यांपेक्षा वायुदीप्ती आणि राशिप्रकाश यांचाच वाटा मोठा असतो.

तिसरा उजेड ताऱ्यांचा. नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतील असे तारे साऱ्या आकाशात मिळून नऊ हजारांच्या आसपास आहेत. त्यातले निम्मे क्षितिजाखाली, म्हणून एका वेळी साडेचार हजारांच्या आतच. ऐकताना ही संख्या थोडी वाटते. पण शहरात ज्याने पन्नास-साठ तारे पाहिलेले असतात, त्याची अंधाऱ्या जागी वेगळीच पंचाईत होते. त्याला ओळखीची नक्षत्रंच सापडत नाहीत. मृगाचा चौकोन, सप्तर्षींचा आकार, शर्मिष्ठेचा इंग्रजी 'एम' हे सगळं मधल्या गर्दीत बुडून जातं. विदर्भातल्या गोंडांच्या लोककथेत सप्तर्षींचा चौकोन ही बाज आहे आणि शेपटीतले तिघं ती पळवायला टपलेले चोर. चौकोनाच्या पोटातले बारीक तारेही जिथून दिसतात, अशा आभाळाखाली असल्या गोष्टी जन्मतात.

मग आकाशगंगा. आपली दीर्घिका थाळीसारखी चपटी आहे आणि आपण तिच्या आतच बसलेलो आहोत. थाळीच्या पातळीत पाहिलं की वेगळे न दिसणारे अब्जावधी दूरचे तारे एकत्र मिसळून धूसर पट्टा होतो. गॅलिलिओने दुर्बिणीतून तो पाहून 1610 साली जाहीर केलं, की हा पट्टा म्हणजे असंख्य तारेच आहेत. आपल्या दीर्घिकेचं केंद्र सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षांवर, धनू आणि वृश्चिक यांच्या सीमेवर, मूळ नक्षत्राच्या शेजारी आहे. त्या बाजूला पट्टा रुंद आणि फुगीर होतो. बॉर्टलच्या पहिल्या पायरीवरच्या आभाळात या भागाच्या उजेडाने जमिनीवर पुसट सावली पडते. शुक्राच्या उजेडाने तर पडतेच.

या पट्ट्यात उजेडाइतकाच अंधारही पाहण्याजोगा आहे. हंस तारकासमूहापासून धनूपर्यंत पट्टा उभा चिरल्यासारखा दिसतो. तिथे तारे कमी नाहीत. मध्ये वायू आणि धुळीचे प्रचंड ढग आहेत, त्यांनी मागचा प्रकाश अडवला आहे. नवे तारे याच ढगांत जन्मतात. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी या काळ्या भागांची आकृती जोडून आकाशात एमू पक्षी पाहिला. त्याचं डोकं त्रिशंकूजवळच्या काळ्या ठिपक्यात आहे. तारे जोडून चित्र करणाऱ्या आपल्याला ही कल्पना चकित करते, पण तशा आभाळाखाली दोन तास पडून राहिलं की काळे आकारच आधी दिसू लागतात.

शेवटचा उजेड आपल्या दीर्घिकेच्या बाहेरचा. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या संध्याकाळी देवयानी तारकासमूहात एक लांबट धुरकट ठिपका दिसतो. पर्शियन निरीक्षक अल-सूफी यांनी 964 सालच्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद छोटा ढग म्हणून केली होती. तो ढग म्हणजे देवयानी दीर्घिका, अंतर सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षं. आज डोळ्यात शिरणारा तिचा प्रकाश निघाला तेव्हा आफ्रिकेत दगडाची सुरुवातीची हत्यारं घडत होती. नजर पक्की आणि रात्र खरोखर काळी असेल तर तिच्या शेजारच्या त्रिकोण तारकासमूहातली, आणखी थोडी दूरची, दुसरी दीर्घिकाही तिरक्या नजरेला सापडते. ती दिसली, की आपली जागा बॉर्टलच्या पहिल्या काही पायऱ्यांवर आहे असं खुशाल समजावं.

हे सगळं शहरावरही असतंच. थिएटरात सिनेमा चालू असताना कुणी बाहेरचं दार सताड उघडावं, तसं फक्त पडद्यावरचं चित्र धुऊन निघतं. वर गेलेला दिव्यांचा उजेड हवेतले रेणू, धूळ आणि बाष्प यांवर आदळून खाली परततो. मोठ्या शहराच्या मध्यावर आभाळ त्यामुळे नैसर्गिक आभाळापेक्षा चाळीसपट किंवा त्याहून अधिक उजळ होतं आणि त्याची झाक शंभर किलोमीटरवरूनही क्षितिजावर दिसते. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, म्हणून पांढरेशुभ्र एलईडी जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा आभाळाचं जास्त नुकसान करतात.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशाने दाखवलं, की जगातले ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक प्रकाशाने मळलेल्या आभाळाखाली राहतात आणि एक-तृतीयांशांहून अधिक लोकांना घरून आकाशगंगा दिसत नाही. 2023 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेला अभ्यास त्याहून अस्वस्थ करणारा होता. जगभरच्या सामान्य लोकांनी बारा वर्षांत केलेल्या तारेमोजणीवरून आभाळ दर वर्षी सरासरी 9.6 टक्के उजळत असल्याचं निघालं. म्हणजे अडीचशे तारे दिसणाऱ्या गावात जन्मलेल्या मुलाला, ते अठरा वर्षांचं होईतो, शंभरच तारे दिसतील. उपग्रहांनी ही वाढ बरीच कमी दाखवली होती, कारण त्यांच्या उपकरणांना एलईडीचा निळा भाग दिसत नाही. इथे यंत्रापेक्षा गच्चीवर उभा माणूस खरा ठरला.

आभाळाचा उपयोग माणसालाच होतो असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतला एक शेणकिडा शेणाचा गोळा घेऊन चोरांपासून दूर सरळ रेषेत पळतो. चंद्र नसताना तो सरळ कसा जातो? संशोधकांनी काही किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या चढवल्या; ते भरकटले. मग त्यांना जोहान्सबर्गच्या तारांगणात नेलं. छतावर केवळ आकाशगंगेचा पट्टा दाखवला तरी किडे सरळ चालले. 2013 साली हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडे वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यांतून निघालेली ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात. लक्षावधी वर्षं ती बाजू समुद्राचीच असायची. किनाऱ्यामागे झगझगीत दिवे लागले, तर पिल्लं उलट फिरतात.

काळोख राखता येतो, याचा पहिला मोठा दाखला अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावाचा. 1930 साली प्लूटोचा शोध तिथल्या लोवेल वेधशाळेत लागला. 1958 साली या गावाने जाहिरातींच्या सर्चलाइटवर बंदी घातली आणि 2001 साली ते जगातलं पहिलं अधिकृत 'डार्क स्काय' शहर झालं. गाव अंधारात चाचपडत नाही. तिथले दिवे खाली पाहतात, एवढंच.

भारतात लडाखमधल्या हानले गावाभोवतीचा 1,073 चौरस किलोमीटरचा प्रदेश डिसेंबर 2022 मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून घोषित झाला. इथे साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण उपग्रहामार्फत बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवली जाते. कोरडी हवा, तुरळक वस्ती, कमी बाष्प. गावकऱ्यांना दुर्बिणी आणि प्रशिक्षण मिळालं आहे. पाहुण्यांना आभाळ दाखवून ते कमाई करतात. काळोख विझला तर रोजगार जाईल हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. एक गोष्ट मात्र जाणाऱ्याने लक्षात ठेवावी: एवढ्या उंचीवर ऑक्सिजन कमी मिळतो आणि दंडपेशींना त्याची झळ आधी लागते. दोन-तीन दिवस शरीर सरावू द्यावं, मगच आभाळाला नावं ठेवावीत.

महाराष्ट्राचं पेंच तर आणखी जवळचं. नागपूरच्या उत्तरेचा हा व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय मान्यतेचा डार्क स्काय पार्क ठरला. त्यासाठी आसपासच्या वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक रस्त्यांवरचे दिवे बदलून जमिनीकडे वळवले गेले. मोठं तंत्रज्ञान यात काहीच नव्हतं. दिव्यावर टोपी, पिवळसर प्रकाश, आणि गरज नसेल तेव्हा बंद.

जायचं कधी, हे घरातलं पंचांगच सांगतं. अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे चार-पाच रात्री. पावसाळ्याने आपले आकाशगंगेचे सर्वांत चांगले महिने खाल्ले आहेत, पण दोन्ही टोकं आपली आहेत. एप्रिलअखेर तिचं केंद्र रात्री दहा-साडेदहाच्या पुढे आग्नेयेला उगवतं आणि पहाटे तीन-चारला दक्षिणेला सर्वांत उंच येतं. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते संध्याकाळीच नैर्ऋत्येला असतं, आणि धुतलेल्या हवेमुळे उन्हाळ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. जागा निवडताना जवळचं मोठं शहर आपल्या उत्तरेला राहील असं पाहावं, म्हणजे दक्षिणेचं क्षितिज काळं मिळतं. उत्तर भारतातल्या किंवा युरोपातल्या निरीक्षकापेक्षा इथे आपली बाजू वरचढ आहे. महाराष्ट्रातून हे केंद्र क्षितिजावर चाळीस अंशांपर्यंत चढतं. लंडनहून ते जेमतेम नऊ अंश वर येतं. सोबत सतरंजी, पांघरूण, आणि अर्धा तास काहीच न करण्याची तयारी असावी.

आणि जाता येत नसेल तर घरूनच एक प्रयोग. थंडीत संध्याकाळी कृत्तिका डोक्यावर असतात. त्यात किती तारे दिसतात ते घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळं मोजावं. शहरात चार-पाच, बऱ्या जागी सहा-सात, अंधाऱ्या रानात नऊ-दहा. केप्लरचा गुरू माएस्टलिन याने दुर्बिणीचा शोध लागण्याआधी, 1579 साली, नुसत्या डोळ्यांनी अकरा टिपले होते. आपला आकडा 'कालनिर्णय'च्या त्या महिन्याच्या पानामागे लिहून ठेवावा आणि दर थंडीत पुन्हा मोजावा. आकडा घसरला तर दोष चष्म्याच्या नंबराचा की कोपऱ्यावर नव्याने लागलेल्या हॅलोजनचा, हे एका अमावास्येला पेंचला जाऊन ठरवता येईल. हॅलोजनचा निघाला, तर त्याच्यावर टोपी बसवण्याचा अर्ज सोसायटीच्या सभेत ठेवायला आपल्या हाती आकडे तयार असतील.